प्रॉपर्टी लॉच्या मॅडमनी शिकवलेला प्राणी-कायदा : बारा शनिवारांचा अनुभव

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते, आता आठवं वर्ष चालू आहे. पुण्यातल्या एका लॉ कॉलेजचा प्राणी संरक्षण कायद्याचा सर्टिफिकेट कोर्स नुकताच पूर्ण केला, बारा शनिवार, दुपारी दोन ते पाच, फी साडेचार हजार. खाली कॉलेजबद्दल काही तक्रारी पण लिहिल्यात म्हणून नाव घेत नाही, पण असे कोर्स आता बऱ्याच ठिकाणी निघालेत आणि त्यात काय बघून पैसे भरावेत हे कुणीतरी सांगायला पाहिजे असं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी मी का गेले ते सांगते. २०२२ मध्ये आमच्याकडे एका वीटभट्टीवरनं नऊ गाढवं जप्त झाली होती. पाठीवर पोत्याच्या घासणीनं पडलेल्या जखमा, दोघांच्या जखमेत अळ्या, एक तर मागचा पाय टेकवतच नव्हतं. गावातली चार-पाच पोरं प्राण्यांचं काम करतात, त्यांनी तक्रार दिली आणि त्यांच्या बाजूनं मी उभी राहिले. पंचनाम्यात लिहिलं होतं, "मुद्देमाल : गाढवे नऊ नग, अंदाजे किंमत अमुक". नग! खुर्च्या मोजल्यासारखे. मालकानं परत मिळण्यासाठी अर्ज टाकला, सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) ४५१ खाली, जसा मोटरसायकलसाठी टाकतात तसाच, आणि मी तिथं उभी राहून जखमांचे फोटो दाखवत राहिले, क्रूरता किती वाईट आहे ते बोलत राहिले. त्याच्या वकिलानं एकच वाक्य बोललं की माझा पक्षकार कायदेशीर मालक आहे, पावत्या जोडल्यात. सुपूर्तनाम्यावर, म्हणजे केस संपेपर्यंत सांभाळायच्या हमीवर, गाढवं त्याच दिवशी परत गेली. संध्याकाळी एसटी स्टँडवर उभी होते तेव्हा ती टेम्पोतनं जाताना दिसली. ते अजून डोळ्यासमोरनं जात नाही.

तेव्हा मला वाटलं की कायदाच कमी पडला. कायदा कमी आहेच, त्यावर पुढे येते, पण त्या दिवशी जो होता तोही मला वापरता आला नाही आणि हे मला या कोर्सच्या चौथ्या शनिवारी कळलं.

तर कोर्स. शिकवणाऱ्या मॅडम मूळच्या प्रॉपर्टी लॉच्या. वीस-बावीस वर्षं एलएलबीला ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्ट शिकवतायत, तोच १८८२ चा, ज्याला सगळी पोरं घाबरतात. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी थोडी नाराज झाले होते, म्हटलं प्राण्यांसाठी काम करणारं कुणीतरी हवं होतं, या जमिनीवाल्या बाई काय शिकवणार. पण या कोर्समधलं सगळ्यात मोलाचं जे आहे ते मॅडम प्रॉपर्टीवाल्या आहेत म्हणूनच आहे, आणि माझं या पूर्ण रिव्ह्यूत सांगणं एवढंच आहे.

पहिला तास त्यांनी कुत्र्या-मांजरांपासनं सुरूच केला नाही. टीपीए चं, म्हणजे त्याच ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टचं, कलम ५ फळ्यावर लिहिलं. मालमत्तेचं हस्तांतरण म्हणजे एका 'लिव्हिंग पर्सन'नं दुसऱ्या लिव्हिंग पर्सनला मालमत्ता देणं, आणि त्याच कलमात पुढे लिहिलंय की लिव्हिंग पर्सनमध्ये कंपनी पण येते. मग म्हणाल्या, कंपनीला रक्त नाही, श्वास नाही, तरी ती या कलमात जिवंत आहे. गाय श्वास घेते, वासराला चाटते, ती या कलमात नाही. ती हस्तांतरणाच्या दुसऱ्या टोकाला आहे, देण्याघेण्याची वस्तू. आम्ही वर्गात तीस-बत्तीस जण होतो, वकील, दोन पशुवैद्यकीय डॉक्टर, एक पोलीस हवालदार, बाकी लॉची पोरं, सगळे गप्प. मी हे कलम परीक्षेला पाठ केलेलं आहे, आठ वर्षं खिशात घेऊन फिरतेय, आणि त्यात हे दिसलं नव्हतं.

मग देवाचं उदाहरण. आपल्याकडे देवस्थान इनामाच्या जमिनी असतात, सातबाऱ्यावर देवाचं नाव असतं, हे गावाकडच्या सगळ्यांना माहीत आहे. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या लंडनच्या शेवटच्या अपील कोर्टानं, प्रमथनाथ मलिक खटल्यात मूर्तीला कायद्यानं व्यक्ती मानलं. म्हणजे दगडाची मूर्ती जमिनीची मालक होऊ शकते आणि तिच्या वतीनं वहिवाटदार काम बघतो. आणि देवाला सोडलेला पोळ, म्हणजे डाग देऊन मोकळा सोडलेला वळू, तो कुणाचा? एकोणिसाव्या शतकात अलाहाबाद हायकोर्टापुढे हा प्रश्न आला, तेव्हा कोर्ट म्हणालं की असा वळू कुणाचीच मालमत्ता नाही, त्यामुळे त्याच्या चोरीचा गुन्हाच बसत नाही. म्हणजे मालक नाही तर संरक्षण पण नाही. मॅडमनी हे सांगून दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत, पाणी प्यायल्या, आणि मग म्हणाल्या की आता मला सांगा, प्राण्याला मालमत्ता म्हणणं बंद केलं की तो सुटला असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. मी आधी करणार होते, केला नाही.

यावरनंच दोन अमेरिकन प्राध्यापकांची बाजू आली. रटगर्स विद्यापीठाचे गॅरी फ्रान्सिओन, त्यांचं म्हणणं की प्राणी मालमत्ता आहे तोवर त्याचं हित मालकाच्या हितापुढे हरणारच, म्हणून तो दर्जाच गेला पाहिजे. आणि मिशिगन स्टेट विद्यापीठाचे डेव्हिड फाव्र, हे पण प्रॉपर्टी लॉ आणि ॲनिमल लॉ दोन्ही शिकवणारे, आपल्या मॅडमसारखेच. त्यांनी २००० साली ड्यूक लॉ जर्नलमध्ये मांडलं की कागदावरची मालकी माणसाकडे राहू दे पण हिताची मालकी प्राण्याकडेच द्या, ट्रस्टमध्ये असते तशी, म्हणजे मालक हा पालक झाला. पुढे त्यांनी 'लिव्हिंग प्रॉपर्टी', जिवंत मालमत्ता, असा वेगळा वर्ग सुचवला. ज्याला विश्वस्त आणि लाभार्थी हे प्रकरण आधी पक्कं समजलंय त्यालाच हे नीट सांगता येतं, आणि मॅडमनी आपल्या ट्रस्ट ॲक्टशी, तो पण १८८२ चाच, ताडून दाखवलं की तिथं लाभार्थी व्हायला मालमत्ता धारण करू शकणारी 'व्यक्ती' लागते. वर्गात एकानं विचारलं की आमच्या आजीला तिच्या मांजरांसाठी पैसे ठेवायचेत, मृत्युपत्रात मांजरांच्या नावावर लिहिता येईल का. नाही येत, पण सांभाळणाऱ्या माणसाला अटीसह देता येतं, आणि ती अट कशी लिहायची याचा मसुदा मॅडमनी तिथंच फळ्यावर लिहून दिला. माझ्याकडे दोन म्हाताऱ्या पक्षकार आहेत ज्यांना हे लगेच लागणार आहे.

आता चौथा शनिवार. मॅडम येताना एक जुना खराटा घेऊन आल्या. त्यातले हीर मुठीत धरले आणि म्हणाल्या ही मालकी, ही मोळी आहे, एक काडी नाही. विकायचा हक्क ही एक काडी, भाड्यानं द्यायचा ही एक, दुसऱ्याला हात लावू न द्यायचा ही एक, हवं तसं वापरायचा ही एक. आणि मग एकेक कायदा सांगत एकेक हीर काढून टेबलावर ठेवत गेल्या. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०, कलम ३ : ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याच्यावर त्याच्या भल्याची काळजी घ्यायचं कर्तव्य, ही काडी काढली नाही, उलट म्हणाल्या ही नवीन घातली, ओझ्याची काडी. कलम ११ : हवं तसं वागवायचा हक्क गेला. कलम २९ : शिक्षा झाली आणि जनावर पुन्हा त्याच्याकडे गेलं तर परत छळ होईल असं वाटलं तर कोर्ट मालकीच काढून घेऊ शकतं, वर त्या माणसाला जनावर ठेवायला बंदी पण घालू शकतं. आणि कलम ३५ : केस चालू असताना मॅजिस्ट्रेट जनावर दवाखान्यात किंवा पांजरपोळात ठेवायला सांगू शकतो आणि खर्च मालकाच्या डोक्यावर.

मग १९९८ चा सुप्रीम कोर्टाचा पांजरपोळ देवदर विरुद्ध चक्राम मोराजी नट हा निकाल. सुप्रीम कोर्ट तिथं सांगतं की केस चालू असताना मालक आहे म्हणून जनावर परत मिळालंच पाहिजे असा हक्क नाही, गुन्हा किती गंभीर, पहिल्यांदाच आहे का, जनावराची अवस्था काय, परत छळ होण्याची शक्यता किती, हे सगळं बघायचं. आणि २०१७ चे केस प्रॉपर्टी जनावरांचे, म्हणजे खटल्यात जप्त झालेल्या जनावरांचे, नियम, त्यात तर मालकानं तीन दिवसांत खर्चाचा बाँड द्यायचा, नाही दिला तर जनावर गेलं. (या नियमांना सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे आणि २०२१ मध्ये कोर्टानं सरकारला त्यावर विचारलंही होतं, हे पण मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितलं, एकच बाजू सांगून सोडलं नाही.)

माझ्या वहीवर तेव्हा मी काहीच लिहिलं नव्हतं. नऊ गाढवं. हा निकाल माझ्या त्या अर्जाच्या आधी चोवीस वर्षं छापून पडलेला होता. समोरचा 'मालक' म्हणाला आणि मी क्रूरतेवर बोलत बसले, मालकीवर एक शब्द बोलले नाही, कारण मला वाटायचं की मालकीचा मुद्दा त्यांचा असतो आणि दयेचा आपला. ब्रेकमध्ये मी मॅडमना हे सांगितलं. त्यांनी माझी समजूत घातली नाही, फक्त म्हणाल्या, "पुढच्या वेळी पहिल्या परिच्छेदात मालकी मान्य कर आणि तिथनंच सुरुवात कर." त्या एका वाक्याचे साडेचार हजार वसूल झाले असं मी मानते.

दंडाचं पण सांगते कारण बऱ्याच लोकांना अजून खरं वाटत नाही. कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. एवढाच. तीन वर्षांत परत केलं तर पंचवीस ते शंभर किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. जुन्या आयपीसीत ४२८ आणि ४२९ होती, जनावराची किंमत दहा रुपये आहे का पन्नास रुपये यावर कलम बदलायचं, आता भारतीय न्याय संहितेत ३२५ एकच आहे, किंमतीची भानगड गेली, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. पण मॅडमनी दाखवलं की हे कलम अजूनही 'मालमत्तेविरुद्धचे गुन्हे' याच प्रकरणात बसलंय, आगळीक म्हणजे मिस्चिफच्या, मुद्दाम मालमत्तेचं नुकसान करण्याच्या, रांगेत. कुणी कुणाचं कुत्रं मारलं तर नुकसान कुत्र्याच्या मालकाचं. स्वतःचंच मारलं तर काय, यावर आमचा पाऊण तास वाद चालला आणि हवालदारसाहेबांनी त्यात सगळ्यात चांगले प्रश्न विचारले, ठाण्यात रोज कुठलं कलम लावायचं हा त्यांचा खरा प्रश्न असतो.

बैलगाडा शर्यतीचा शनिवार वेगळा लिहिते. वर्गात आंबेगावकडचा एक मुलगा होता, घरचे बैल घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळतात. बाकीच्या काही जणांनी त्याच्याकडे जरा वाकड्या नजरेनंच बघायला सुरुवात केली होती. मॅडमनी त्याला पुढे बोलावलं आणि विचारलं, बैल तुझा आहे म्हणजे तू त्याच्यासाठी काय काय करतोस. तो सांगायला लागला, पहाटेचं उठणं, खुराक, अंडी, दूध, पाय शेकणं, बैल आजारी पडला तेव्हा वडील चार रात्री गोठ्यात झोपले ते. मग मॅडमनी विचारलं की आणि पळायला तयार नसला तर? तो बराच वेळ थांबला आणि म्हणाला, काही लोक टोचतात. त्यानं स्वतः सांगितलं. त्यानंतर त्यांनी कायदा मांडला, २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा नागराज निकाल, त्यानं आलेली बंदी, महाराष्ट्राची २०१७ ची दुरुस्ती, डिसेंबर २०२१ मध्ये मिळालेली परवानगी आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांनी तामिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्राचे कायदे वैध ठरवले ते. मला अजूनही शर्यती पटत नाहीत आणि मी ते वर्गात बोलले, पण नागराजमध्ये प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांबद्दल (भूक-तहान, गैरसोय, वेदना-आजार, भीती यांपासून सुटका आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागायची मोकळीक) जे लिहिलंय ते त्या मुलाबरोबर बसून वाचल्यावर वेगळं वाचलं गेलं. नंतर चहाला आम्ही एकत्रच गेलो.

कराराच्या कायद्याचं पण एक छोटं, पण मला फार आवडलेलं. १८७२ चा काँट्रॅक्ट ॲक्ट, कलम १६३, त्यातलंच उदाहरण आहे की अ नं ब कडे गाय सांभाळायला दिली, गाय व्यायली, तर ब नं गायीबरोबर वासरू पण परत द्यायचं. आमच्याकडे वाट्यानं शेळ्या देतात, एक करडू तुझं एक माझं, तोंडी सगळं, आणि त्यावरनं होणारी भांडणं माझ्याकडे महिन्याला एक तरी येतात. कलम म्हणतं 'उलट करार नसेल तर'. म्हणजे वाट्याचा करार सिद्ध करायचा भार कुणावर हे सगळं उलगडलं. कोंडवाड्याचा १८७१ चा कायदा पण घेतला, पण तो घाईत झाला, दहा मिनिटांत. वन्यप्राणी पण घाईतच, १९७२ च्या कायद्याचं कलम ३९, शिकार झालेला किंवा मेलेला सापडलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता, एवढं सांगून पुढे गेल्या. मला बिबट्यावर जास्त ऐकायचं होतं, आमच्याकडे उसात रोजचा विषय आहे.

ज्यांना शिकवण्याच्या क्षेत्रात जायचंय त्यांच्यासाठी शेवटच्या आधीचा तास होता, तो मी खरं तर सोडणार होते पण बसले. मॅडमनी आपली वाट सरळ सांगितली. एलएलबीला प्रॉपर्टी लॉ सक्तीचा पेपर, म्हणून त्याला शिक्षक लागतोच, प्राणी संरक्षणाला तसा सक्तीचा पेपर नाही. त्यामुळे एलएलएम, मग प्राध्यापक व्हायला लागणारी नेट परीक्षा किंवा आपल्या महाराष्ट्र-गोव्याची सेट, आणि हातात एक सक्तीचा पेपर पक्का धरा, त्याच्या आधारानं दुसरा विषय वाढवा. पहिली सहा-सात वर्षं त्यांनी प्राणी-कायदा टीपीए च्या तासातच उदाहरणांतनं शिकवला, वेगळा कोर्स मागितला तेव्हा विद्यार्थी येतील का हाच प्रश्न विचारला गेला, पहिल्या बॅचला अकरा जण होते. हैदराबादच्या नॅलसार या लॉ युनिव्हर्सिटीत आता ॲनिमल लॉ सेंटर आहे ते पण सांगितलं. एक मुलगी म्हणाली मला फक्त ॲनिमल लॉ च शिकवायचाय, तर मॅडम तिला म्हणाल्या की शिकव, पण कर्ज, गहाण, भाडेपट्टा आधी शिक, जनावरं त्यातच अडकलेली असतात. दुष्काळात गहाण पडलेली बैलजोडी कुणाला आठवत नसेल तर घरच्या म्हाताऱ्यांना विचारा.

आता तक्रारी, आणि या कॉलेजच्या आहेत, मॅडमच्या नाहीत. वर्ग तिसऱ्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला, माइक बाराच्या बारा शनिवार बंद, मागच्या बाकांवर अर्धं ऐकू येत नाही. तीन पाहुणे वक्ते आणले त्यातल्या एकानं पूर्ण तास स्लाइड वाचून दाखवल्या. पांजरपोळची भेट माहितीपत्रकात होती ती झालीच नाही, का ते कुणी सांगितलं पण नाही. सर्टिफिकेट दोन महिन्यांनी मिळालं. आणि सगळ्यात मोठी तक्रार, सगळं साहित्य इंग्रजीत. मॅडम बोलतात मराठीत, इतकं सुंदर की आमचे हवालदारसाहेब एक शनिवार चुकले नाहीत, आणि हातात दिलेलं पुस्तक मात्र त्यांना वाचता येत नव्हतं. पंचनामा तेच लिहिणार आहेत ना? त्यांच्यासाठी दोन पानांचा मराठी नमुना केला असता तर या कोर्सचा उपयोग दहापट झाला असता. मी आणि एका डॉक्टरांनी मिळून तसा एक कच्चा नमुना लिहून कॉलेजला दिलाय, जखमेची जागा, लांबी-रुंदी, जनावराचं अंदाजे वय, डॉक्टरांचा शेरा, आणि 'नग' च्या जागी प्रत्येक जनावराची वेगळी ओळख, रंग, खूण. बघू वापरतात का.

सोसायटीतली कुत्री, खाऊ घालण्याच्या जागा, २०२३ चे एबीसी (ॲनिमल बर्थ कंट्रोल) नियम यासाठी कुणी जात असेल तर त्याला एकच शनिवार आहे हे माहीत असू द्या. खाऊ घालण्याबद्दलचा नियम २० नीट समजावला, पण रोजच्या भांडणांची उत्तरं हवी असतील तर तेवढं पुरणार नाही.

रेटिंग द्यायचं तर शिकवण्याला पाचपैकी पाच, व्यवस्थेला दोन. दुसरीकडे कुठे असा कोर्स बघत असाल तर फोनवर पहिला प्रश्न हा विचारा की शिकवणारे अजून काय शिकवतात. प्रॉपर्टी, करार किंवा फौजदारी यातलं काहीतरी सक्तीचं शिकवत असतील तर डोळे झाकून जा. जाताना टीपीए आणि १९६० च्या कायद्याचे बेअर ॲक्ट (नुसता मूळ कायदा छापलेली पुस्तकं) सोबत न्या, पुढच्या बाकावर बसा, आणि स्वतःची एक हरलेली केस घेऊन जा, मॅडमसारखं कुणी असेल तर त्यावर बोलतात.

कोर्स चालू असतानाच माझ्याकडे वरातीच्या घोडीची एक केस आली, पुढचा पाय सुजलेला, तरी दोन लग्नांत नाचवलेली. मालकाचा बीएनएसएस ४९७ खाली (जुन्या सीआरपीसी ४५१ च्या जागी आलेलं कलम) अर्ज आला, पावतीसकट. माझ्या उत्तराचा पहिला परिच्छेद असा होता की अर्जदार हा सदर घोडीचा मालक आहे हे मान्य आहे, आणि म्हणूनच कलम ३ चं कर्तव्य त्याच्यावर आहे. मग ३५, मग १९९८ चा निकाल, मग डॉक्टरांचा दाखला. साहेबांनी पूर्ण वाचलं, सरकारी वकिलांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, मागवला आणि तोवर घोडी पांजरपोळात ठेवायला सांगितली. पुढची तारीख सतरा तारखेला आहे. काल तिथल्या माणसाला फोन केला होता, म्हणाला सूज उतरलीय, चारही पाय टेकवून उभी राहतेय आणि सकाळी भिजवलेले हरभरे संपवले.